पाहुणी नर्तकी

रशियातील सेंट पीटर्सबर्ग या शहरात १२ फेब्रुवारी १८८१ रोजी ॲना पावलोवाचा जन्म झाला. तिची आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. दिवस भरण्याआधीच जन्मलेली ही मुलगी इतकी अशक्त होती की, ती जगते की नाही याचीच सर्वांना काळजी होती. म्हणून तिला खेड्यात आजीकडे ठेवण्यात आले.

ॲना आठ-नऊ वर्षांची असताना आईने तिला बॅले पाहायला नेले. बॅले म्हणजे संवाद नसलेले नाटक. त्यात सारी गोष्ट नृत्य आणि संगीत यांतूनच सांगतात. तो बॅले पाहून ॲनाने नर्तकी होण्याचा ध्यासच घेतला. पहिल्या खेपेला सरकारी नृत्यशाळेने तिला परत पाठवले, कारण तिचे वय कमी होते आणि प्रकृतीही नाजूक होती. १८९१ साली तिला प्रवेश मिळाला. तेथे सोबतच्या मुली तिच्या काटकुळ्या अंगाला हसत. त्यांनी तिचे नाव केरसुणी ठेवले होते! पण ॲना चिकाटीने शिकत राहिली. १९०६ साली ती तेथील शाही नाट्यगृहाची प्रमुख नर्तकी झाली. मरणाऱ्या हंसाचे तिचे नृत्य जेमतेम तीन-चार मिनिटांचे होते, परंतु ते पाहताना प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येई.

पुढे तिने स्वतःची नृत्यमंडळी काढली. १९१२ साली लंडनमध्ये घर घेतले आणि बागेतल्या तळ्यात हंस पाळले. १९१४ नंतर ती मायदेशी कधीच परतली नाही. बोटीने आणि आगगाडीने ती गावोगाव फिरत राहिली. आज एका शहरात, तर उद्या दुसऱ्या शहरात. त्या काळी विमानाने लांबचा प्रवास करण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. दूरच्या खंडात जायला बोटीला आठवडेच्या आठवडे लागत.

एवढ्या दगदगीत सुट्टीचा दिवस मिळाला की, कोणीही पाय पसरून झोपेल. ॲनाचे तसे नव्हते. तिला पक्ष्यांचा फार नाद होता. दौऱ्यावरून परतताना ती निरनिराळ्या देशांचे पक्षी घरी आणत असे. फावल्या वेळात ती नर्तकींच्या छोट्या मूर्तीही घडवी. पण तिची सर्वांत मोठी हौस वेगळीच होती. ज्या देशात जाई, तेथील लोक कसे नाचतात हे तिला पाहायचे असे. नुसते पाहून तिचे समाधान होत नसे, ती ते शिकू लागे. १९१९ साली मेक्सिकोत ती तेथील लोकनृत्य शिकली आणि त्यांच्याच पोशाखात त्यांच्याच पुढे नाचली. १९२२ साली जपानमध्ये तिने जपानी नृत्याचे धडे घेतले. जगप्रसिद्ध झालेली ही बाई तेव्हा ४१ वर्षांची होती. त्या वयात नव्या गुरूपुढे पहिल्या इयत्तेच्या मुलीसारखे बसणे सोपे नव्हते.

जपानहून निघालेला तो दौरा पुढे हिंदुस्थानात आला. कलकत्ता आणि मुंबई येथे तिचे प्रयोग झाले. येथेही तिने इकडचे नृत्य पाहायची इच्छा धरली, पण यजमानांची पंचाईत झाली. कथकासारखी मोठी कला आपल्याकडे होती. लखनौचे नवाब वाजिद अली शाह यांनी तिला आश्रय दिला होता. दक्षिणेत देवळांतून नृत्याची परंपरा होती. परंतु इंग्रजी राज्यात शिकलेल्या लोकांना नाचाची लाज वाटू लागली होती. चांगल्या घरच्या मुलीने नाचू नये, असा समज पक्का झाला होता. नर्तकांना मान नव्हता, कित्येकांना पोटाची भ्रांत होती. परक्या देशातली पाहुणी जे पाहायला मागत होती, ते घरात असूनही दाखवायला कोणी धजत नव्हते.

अजिंठ्याच्या चित्रांनी मात्र तिला वेड लावले. ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात आहेत. तेव्हा तो भाग हैदराबादच्या निजामाकडे होता. निजाम सरकारचे पुराणवस्तू अधिकारी गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली इटलीच्या कारागिरांनी नुकतीच त्या चित्रांची डागडुजी केली होती. १९२३ साली लंडनमध्ये पावलोवाने अजिंठ्याच्या चित्रांवरून एक बॅले सादर केला.

त्याच वर्षी तिला हिंदी विषयांवरील नृत्यांसाठी जाणकार माणूस हवा होता. लंडनमध्ये उदय शंकर नावाचे तरुण चित्रकला शिकत होते. आधी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले होते. पावलोवाने त्यांना आपल्याबरोबर घेतले. त्या नृत्यात उदय शंकर कृष्ण झाले आणि पावलोवा राधा झाली. अमेरिकेच्या दौऱ्यातही ते तिच्याबरोबर होते. उदय शंकरांना बॅले शिकायचा होता, पण तिने तो शिकवला नाही. आपल्या देशाचेच नृत्य करावे, असे तिने त्यांना सांगितले. आपल्या मंडळीतला चांगला कलावंत तिने असा स्वतःहून दूर पाठवला.

१९२८ च्या अखेरीस ती पुन्हा हिंदुस्थानात आली. मुंबईत पहिल्या खेपेला विजेवर चालणारी लोकल नव्हती. या खेपेपर्यंत ती बोरिवलीला पोहोचली होती. नृत्याच्या बाबतीत मात्र लोकांचे मत फारसे बदलले नव्हते. या फेरीत तिची रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्याशी ओळख झाली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात दोघी एकाच बोटीवर होत्या. रुक्मिणीदेवी बॅले शिकू लागल्या, तेव्हा त्यांनाही तिने आपल्या देशाच्या नृत्याकडे वळवले. १९३५ साली रुक्मिणीदेवींनी मद्रासजवळ अड्यार येथे भरतनाट्यम सादर केले. ब्राह्मण घरातील स्त्री रंगमंचावर नाचते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. मुंबईच्या मॅडम मेनका यांनाही पावलोवाने असेच उत्तेजन दिले. मेनकाबाई कथक शिकल्या, १९३६ साली आपली मंडळी घेऊन युरोपात गेल्या आणि पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली. सरोदवादक उस्ताद सखावत हुसेन खाँ त्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर होते.

पावलोवाला यातले काहीच पाहता आले नाही. जानेवारी १९३१ मध्ये प्रवासात तिला सर्दी बाधली आणि फुप्फुसांना सूज आली. शस्त्रक्रिया केली असती तर नाचणे सुटले असते, म्हणून तिने ती नाकारली, असे सांगतात. २३ जानेवारी रोजी हॉलंडमधील हेग शहरात, एका हॉटेलात, तिचे निधन झाले.

उदय शंकरांनी पुढे हिमालयात अल्मोडा येथे नृत्यकेंद्र काढले. तेथे शांती बर्धन नावाचे शिक्षक होते. ते केंद्र बंद पडले आणि बर्धन मुंबईला आले. १९४४ च्या सुमारास इप्टा या नाट्यसंस्थेचे कलावंत अंधेरीला एकत्र राहत असत. त्यांची नृत्ये बर्धन बसवत. १९५२ साली त्यांनी स्वतःची छोटी बॅले मंडळी काढली. क्षयाने शरीर पोखरलेले असतानाही त्यांनी रामायण बसवले. त्यात माणसे कठपुतळ्यांप्रमाणे नाचत. १९५४ साली बर्धन वारले, पण त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी मंडळी चालू ठेवली आणि ते रामायण पुढे कित्येक वर्षे रंगमंचावर होत राहिले.