कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे रूप झपाट्याने पालटले. १८५४ साली कावसजी दावर यांनी तेथे कापडगिरणीचा पाया घातला आणि पाहता पाहता गिरण्यांची उंच धुराडी आकाशात दिसू लागली. कोकणातून आणि घाटावरून हजारो स्त्रीपुरुष पोटासाठी या गिरण्यांत आले. सूर्योदयाबरोबर काम सुरू होई, ते सूर्यास्तापर्यंत चाले. दुपारी घटकाभर विसावा मिळेल याची शाश्वती नसे, पगार वेळेवर हाती पडत नसे आणि आठवड्याची सुट्टी तर ठाऊकच नव्हती. यंत्राच्या चक्रात किंवा पट्ट्यात एखाद्याचा हात सापडला, तर तो घरी बसे आणि त्याची मजुरीही थांबे. ते त्याचे दुर्दैव, असे मानून लोक गप्प राहत.

हे दुर्दैव नसून अन्याय आहे, हे ज्यांनी निर्भयपणे सांगितले, ते नारायण मेघाजी लोखंडे होत. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब कुटुंबात झाला. पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर हे त्यांचे मूळ गाव. शिक्षण आटोपल्यावर त्यांनी रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली आणि पुढे ते मुंबईच्या एका कापडगिरणीत कामास लागले. तेथे कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. माणसाने माणसाला हीन लेखू नये, ही शिकवण त्यांच्या मनात खोल रुजली होती. १८८० साली ‘दीनबंधु’ या पत्राची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली आणि त्यातून श्रमिकांची गाऱ्हाणी जगापुढे मांडली.

१८८१ साली सरकारने कारखान्यांविषयीचा पहिला कायदा केला. धोक्याच्या यंत्रांना कुंपण असावे आणि सात वर्षांखालील मुलांना कामास लावू नये, एवढी त्याची धाव होती. प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते. म्हणून १८८४ च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे आणि मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशा मागण्या त्यात होत्या. पाचवी मागणी सर्वांत दूरदृष्टीची होती. काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय करावी, असे तीत म्हटले होते.

त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. हिंदुस्थानातील कामगार संघटनेची ही सुरुवात मानली जाते. या संस्थेजवळ निधी नव्हता, वर्गणी देणारे सभासद नव्हते, लिखित नियमही नव्हते. कामगारांचा विश्वास हेच तिचे भांडवल होते.

पहिल्या अर्जाने फारसे काही साधले नाही. पण लोखंडे खचले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची प्रचंड सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत बोलणेही दुर्मीळ होते, त्या काळातील ही घटना आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या नव्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना आधार दिला, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांसाठी वयाची अट नऊ वर्षांपर्यंत वाढवली.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल उसळली, तेव्हा लोखंडे यांनी राणीच्या बागेत कामगारांची मोठी सभा भरवून सलोख्यासाठी प्रयत्न केले. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ ही पदवी दिली. पण पदवी मिळाली म्हणून ते गोरगरिबांपासून दूर गेले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. त्या साथीतच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांची पाचवी मागणी मात्र त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. कामावर जखमी झालेल्या मजुरास भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. लोखंडे यांना जाऊन तेव्हा सव्वीस वर्षे लोटली होती. ज्याचे फळ आपणास चाखता येणार नाही, असे झाड लावणारी माणसे थोडी असतात. लोखंडे त्यांपैकी एक होते. रविवारच्या निवांत सकाळी त्यांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे.