जॉन रॉबर्टसन : एका कुरणवाल्याने केलेला जमीन कायदा

ऑस्ट्रेलिया म्हटले की मेंढ्या, लोकर आणि सोन्याच्या खाणी, एवढेच मला शाळेपासून ठाऊक. न्यू साउथ वेल्सच्या सर जॉन रॉबर्टसन यांचे चरित्र वाचले आणि जमिनीचा तंटा तिथेही किती कडवट होता ते कळले.

रॉबर्टसन यांचा जन्म १८१६ साली लंडनजवळचा. वडील घड्याळे करीत. १८२२ मध्ये कुटुंब सिडनीला आले. टाळू जन्मतः दुभंगलेली, त्यामुळे उच्चार फुटके. शिवाय तोंडात शिव्या तयार! अशा माणसाने सभा गाजवाव्यात याचे मला मोठे नवल वाटते. तरुणपणी ते खलाशी झाले, परतल्यावर गुरेमेंढ्या पाळू लागले.

त्या काळी उत्तम जमीन मूठभर कुरणवाल्यांकडे होती. सोन्यामागे आलेले हजारो लोक आता जमीन मागू लागले. १८५६ साली विधानसभेत निवडून आलेले रॉबर्टसन स्वतः कुरणवाले असून या लोकांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या १८६१ च्या कायद्यांनी सरकारी जमिनीतून, मोजणीआधीच, कोणालाही ४० ते ३२० एकर निवडता येऊ लागली. दर एकरी १ पौंड; चौथा हिस्सा आधी भरायचा आणि तिथे राहून जमीन सुधारायची. वरिष्ठ सभागृहाने विधेयके अडवली, तेव्हा रॉबर्टसन स्वतः त्या सभागृहात गेले आणि ती मंजूर करून घेतली.

पुढे काय झाले? कुरणवाल्यांनी नोकरांच्या, नातलगांच्या नावाने पाण्याकाठचे तुकडे घेतले. पाणी एकदा हाती आले की भोवतालची कोरडी जमीन दुसरा घेऊन करणार काय? बेनामी या शब्दाचा अर्थ आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून हे पान मी दोनदा वाचले. पुष्कळ खरे कष्टकरी भांडवलाअभावी हरले. तरी काहींनी शेती उभी केली, हेही खरे. मात्र ज्या मूळ रहिवाशांची ही भूमी, त्यांना ना कुरणवाल्यांनी विचारले, ना रॉबर्टसननी. हे मला फार खटकते.

पाच वेळा ते वसाहतीचे मुख्यमंत्री झाले. सिडनीच्या दक्षिणेचे राष्ट्रीय उद्यान १८७९ मध्ये राखले गेले तेही त्यांच्या पुढाकाराने. स्वतःचा पैसा मात्र टिकला नाही; १८८६ मध्ये विधिमंडळाने त्यांना १०,००० पौंड मंजूर केले. ८ मे १८९१ रोजी वॉटसन्स बे येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.