काळाची दिशा शोधणारे बोल्ट्झमान

कपातला चहा गार होतो. गार झालेला चहा ठेवल्या जागी पुन्हा गरम झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. फुटलेली बरणी आपोआप जुळत नाही, म्हातारपणातून कोणी तारुण्यात जात नाही. काळ एकाच दिशेने जातो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण तो तसा का जातो? या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर पहिल्यांदा ज्यांनी दिले, ते ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे लुडविग बोल्ट्झमान.

त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्नात झाला. वडील करखात्यात अधिकारी होते. लुडविग पंधरा वर्षांचे असताना ते वारले. १८६६ मध्ये डॉक्टरेट आणि पंचविसाव्या वर्षी ग्राझ विद्यापीठात प्राध्यापकपद, अशी त्यांची झेप होती. पियानो ते उत्तम वाजवत. १८७६ मध्ये हेन्रिएटे फॉन आयगेन्टलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाने मुलींना वर्गात बसू देण्यास नकार दिला, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करण्याचा सल्ला बोल्ट्झमान यांनीच हेन्रिएटे यांना दिला होता.

अडचण अशी होती, की गतीच्या नियमांना काळाची दिशा कळत नाही. कॅरमच्या दोन सोंगट्यांच्या टकरीचे चित्रण उलटे दाखवले, तरी ते खरेच वाटते. मग असंख्य अणूंच्या टकरींतून घडणारे जग उलटे का फिरत नाही? त्यांचे ज्येष्ठ मित्र लॉश्मिट यांनी १८७६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. बोल्ट्झमान यांनी १८७७ मध्ये त्याला संभाव्यतेच्या गणिताने उत्तर दिले. क्रमाने लावलेले पत्ते पिसले की क्रम बिघडतो, कारण क्रमाची मांडणी एकच आणि विस्कळीत मांडण्या अगणित. अणूंचेही तसेच. विस्कळीतपणाच्या या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. उलटा प्रवास निषिद्ध नाही, पण तो इतका दुर्मीळ, की कधी दिसतच नाही. आपण ज्याला भविष्य म्हणतो, ती एन्ट्रॉपी वाढण्याची दिशा.

यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघतो. आज विस्कळीतपणा वाढत असेल, तर आरंभी विश्व इतके सुव्यवस्थित कसे होते? आपल्या भोवतालचे जग म्हणजे अफाट विश्वातला योगायोगाने जुळलेला एक कोपरा असावा, असे बोल्ट्झमान यांनी सुचवले. वर आणि खाली हा भेद जसा पृथ्वीपुरता, तसा भूत-भविष्याचा भेदही त्या कोपऱ्यापुरता. ही कल्पना पुढे टिकली नाही, पण प्रश्न अजून सुटलेला नाही.

या सर्व मांडणीचा पाया अणू होता आणि अणू कोणी पाहिला नव्हता. माख आणि ओस्टवाल्ड यांच्यासारख्या दिग्गजांना तो मान्य नव्हता. वादाच्या जोडीला घरची दुःखे होती. १८८५ मध्ये आई गेली, १८८९ मध्ये थोरला मुलगा आंत्रपुच्छाच्या दाहाने दगावला. दमा होता, नजर अधू होत चालली होती. उत्साहाचा भर आणि खोल उदासीनता यांचे फेरे आयुष्यभर चालले. बर्लिनचे पद आधी स्वीकारून मग नाकारणे, म्युनिक, व्हिएन्ना, लाइपझिग, पुन्हा व्हिएन्ना ही धावपळ, यांतही ती अस्वस्थता दिसते.

१९०६ च्या उन्हाळ्यात आजारामुळे त्यांची व्याख्याने थांबली. त्या काळी अशा त्रासाला न्यूरास्थेनिया हे मोघम नाव होते. परिणामकारक औषध नव्हते, विश्रांती आणि हवापालट एवढाच इलाज. त्यासाठीच हे कुटुंब ट्रिएस्टजवळच्या दुइनो गावी गेले होते. तेथे ५ सप्टेंबर रोजी बोल्ट्झमान यांनी आत्महत्या केली. वय ६२.

विरोधकांनी त्यांचा बळी घेतला, असे अनेकदा सांगितले जाते. ते अपुरे आहे. ओस्टवाल्ड त्यांचे स्नेही होते, लाइपझिगला त्यांना बोलावणारेही तेच. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. गंभीर उदासीनता हा आजार आहे आणि पुढे काहीच चांगले घडणार नाही अशी खात्री वाटणे, हे त्याचे एक लक्षण. ती खात्री आजाराची असते, वस्तुस्थितीची नव्हे. बोल्ट्झमान यांच्या बाबतीत तर ती साफ खोटी ठरली. अणूंच्या धक्क्यांनी सूक्ष्म कण कसे हलतात, याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच मांडले होते. १९०८ पासून पेरँ यांच्या प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि ओस्टवाल्ड यांनीही अणू मान्य केला. व्हिएन्नातील बोल्ट्झमान यांच्या समाधीवर आज एन्ट्रॉपीचे सूत्र कोरलेले आहे.

त्यांच्या वेळी नव्हते ते उपचार आज आहेत आणि सरकारी रुग्णालयांतही मिळतात. घरातले माणूस आठवड्यांमागून आठवडे गप्प राहिले, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर हवापालटावर विसंबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. गेलेला काळ परत आणता येत नाही, म्हणून उपचाराला उशीर करू नये.