अंबाझरीवरचे स्वामी आणि बेकार नरेन

संध्याकाळी अंबाझरीवर गेलात की विवेकानंदांच्या पुतळ्यापुढे सेल्फीवाल्यांची गर्दी असतेच. सप्टेंबर २०२३मध्ये तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा हे स्मारक पाण्याच्या वाटेत असल्याचा वाद पार हायकोर्टात गेला. तो राहू द्या. पुतळ्यातला माणूस तुमच्या वयाचा असताना काय करत होता?

नोकरी शोधत होता!

नरेंद्रनाथ दत्त, जन्म १२ जानेवारी १८६३, कोलकाता. वडील अ‍ॅटर्नी, घरात सुबत्ता. वडिलांच्या कामामुळे १८७७मध्ये कुटुंब रायपूरला निघालं. चरित्रकार सांगतात, नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे जंगलातून पंधरवडाभर बैलगाडी. वाटेत डोंगराच्या कपारीतलं भलंमोठं मधाचं पोळं बघून चौदा वर्षांच्या नरेनचं भानच हरपलं म्हणे.

१८८४मध्ये बीएच्या सुमारासच वडील गेले. मागे कर्ज निघालं. नातेवाइकांनी राहत्या घरावर दावा ठोकला. भर उन्हात अनवाणी, हातात अर्ज घेऊन नरेनने ऑफिसं पालथी घातली, सगळीकडे नकार. घरात अन्न कमी दिसलं की बाहेर आमंत्रण असल्याची थाप मारून हा उपाशीच निघून जायचा. (आईला कळत नसेल होय?) विद्यासागरांच्या शाळेत मास्तरकी मिळाली, तीही टिकली नाही. देव आहे की नाही, इथपर्यंत गाडी आली. रामकृष्णांनी कालीमातेकडे पैसे मागायला पाठवलं. तीनदा गेला, तीनदा पैसे न मागताच परतला.

१८८६मध्ये रामकृष्ण गेले. मग संन्यास, देशभर भटकंती, पुण्यात टिळकांकडे मुक्काम आणि ३१ मे १८९३ला मुंबईहून बोट. शिकागोतलं ११ सप्टेंबरचं भाषण आपल्याला शाळेपासून पाठ. पण स्वामी तिथे पोचले तेव्हा परिषदेला अजून अवकाश होता, ओळखपत्र नव्हतं, पैसे संपत आलेले. हार्वर्डच्या प्रोफेसर राइट यांनी शिफारस केली म्हणून प्रवेश मिळाला. शिकागोत परतल्यावर पत्ता हरवला, तर एक रात्र रेल्वे यार्डातल्या रिकाम्या खोक्यात काढली.

जगभर नाव झालं, तरी आईची काळजी सुटली नाही. खेतडीच्या राजांनी घरी दरमहा पैसे पाठवावेत, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. घराची कोर्टकचेरी जवळजवळ शेवटपर्यंत पुरली. ४ जुलै १९०२ला बेलूर मठात स्वामी गेले, वय ३९. आई भुवनेश्वरीदेवी त्यानंतर नऊ वर्षं जगल्या.