मधमाशांना घर देणारा धर्मोपदेशक

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध काढणे म्हणजे बहुधा माशांच्या वसाहतीचा संहारच असे. युरोप-अमेरिकेत गवताच्या टोपल्यांत वा साध्या लाकडी खोक्यांत माशा पाळल्या जात. पोळी भिंतींना घट्ट चिकटत, म्हणून गंधकाच्या धुराने माशा मारून मध घेण्याचा प्रघात सर्रास होता. त्यावर टिकाऊ उपाय शोधणारा माणूस ना शेतकरी होता, ना सुतार. तो होता एक धर्मोपदेशक.

लोरेन्झो लॉरेन लँगस्ट्रॉथ यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी फिलाडेल्फियात झाला. १८३१ मध्ये येलमधून पदवी घेऊन ते १८३६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे धर्मोपदेशक झाले. मात्र नैराश्याच्या विकाराने त्यांना आयुष्यभर ग्रासले आणि व्यासपीठ वारंवार सोडावे लागले. १८३८ मध्ये एका मित्राच्या घरी काचेच्या भांड्यातील मधाचे पोळे त्यांच्या दृष्टीस पडले आणि माशांचा छंद जडला. तोच पुढे त्यांचा विसावा ठरला.

पोळ्यांसाठी काढता-घालता येणाऱ्या चौकटी वा पट्ट्या इतरांनीही योजल्या होत्या. पण माशा त्या पेटीला चिकटवून टाकीत. लँगस्ट्रॉथ यांच्या निरीक्षणात एक मर्म होते. सुमारे नऊ मिलिमीटरची फट माशा येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. फट त्याहून अरुंद असेल तर त्या राळेसारख्या चिकट द्रव्याने बुजवतात. रुंद असेल तर तेथे पोळे बांधतात. चौकटीच्या चारही बाजूंना हीच फट ठेवावी, ही कल्पना त्यांना ३० ऑक्टोबर १८५१ रोजी सुचली. आता माशा न मारता, पोळे न मोडता चौकट सहज उचलता येऊ लागली.

५ ऑक्टोबर १८५२ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि १८५३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु पेटी इतकी सोपी होती की कोणीही सुतार ती बनवू शके. नकला सर्वत्र झाल्या. संशोधकाच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही. १८५८ मध्ये ते ओहायोतील ऑक्सफर्ड येथे स्थायिक झाले आणि इटालियन राणीमाशांच्या पैदाशीकडे वळले. विकाराच्या काळात महिनोन्‌महिने त्यांचे सारे काम थांबे. अखेर ग्रंथाची सुधारित आवृत्तीही १८८९ मध्ये दादाँ पितापुत्रांनी सिद्ध केली. ६ ऑक्टोबर १८९५ रोजी डेटन येथे प्रवचन देतानाच त्यांचे निधन झाले.

पेटंटने त्यांना संपन्नता दिली नाही; त्यांचे तत्त्व मात्र जगभर रुजले. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशांसाठी ठेवलेल्या पेट्या आकाराने लहान असतात, पण त्यांतील चौकटींभोवती तीच मोजकी मोकळी वाट सोडलेली असते. त्याच परिसरातील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथे माशा जिवंत ठेवून मध काढता येतो, यामागे त्या आजारी धर्मोपदेशकाने हेरलेली फट आहे.