आल्फ्रेड बिने : मागे पडणाऱ्या मुलांचा अभ्यासक

मूल शाळेत मागे पडू लागले आणि पालक त्याला समुपदेशकाकडे घेऊन गेले, की अनेकदा ‘बिने-कामत’ चाचणीचे नाव कानावर येते. यातील बिने म्हणजे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने. बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी पट्टी त्यांनी तयार केली. मात्र जगाने पुढे तिचा जो अर्थ लावला, तो त्यांच्या विचारांच्या नेमका उलट होता.

बिने यांचा जन्म १८५७ मध्ये नीस येथे झाला. कायद्याची पदवी घेतल्यावर ते मानसशास्त्राकडे वळले, तेही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतः वाचन करून. शार्को यांच्या रुग्णालयात त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. चुंबकाने रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता येतात, असा त्यांचा दावा होता. तो खोटा ठरला. प्रयोगकर्त्याला काय हवे आहे, हे रुग्णांना आधीच कळत होते. बिने यांनी जाहीर माघार घेतली आणि पुढे ते पुराव्याबाबत कमालीचे सावध झाले.

नंतर त्यांनी आपल्या दोन मुलींचे, मादलेन आणि आलिस यांचे, बारकाईने निरीक्षण केले. एकाच घरात वाढूनही दोघींची विचार करण्याची पद्धत वेगळी होती. शाळकरी मुलांची डोकी मोजून बुद्धीचा अंदाज घेण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. पण हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या मापांत फरक नगण्य निघाल्याने तो मार्ग सोडून दिला.

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. नेहमीच्या वर्गात ज्यांना शिकता येत नाही, अशा मुलांसाठी काय करावे, हे ठरवण्यासाठी १९०४ मध्ये सरकारने आयोग नेमला. अशी मुले निवडायची कशी, हाच मोठा प्रश्न होता. शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या मतावर एखाद्या मुलाचे भवितव्य ठरणे बिने यांना धोक्याचे वाटे. म्हणून १९०५ मध्ये डॉ. तेओदोर सिमाँ यांच्यासह त्यांनी सोप्यापासून अवघडापर्यंत ३० कृतींची चाचणी तयार केली. चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वस्तूंतील फरक सांगणे अशा त्या कृती होत्या. १९०८ मध्ये त्यांची वयानुसार मांडणी झाली.

ही चाचणी म्हणजे मदतीची पहिली पायरी, असे बिने मानत. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे मत त्यांनी ठामपणे नाकारले. विशेष वर्गांसाठी त्यांनी लक्ष आणि स्मरण वाढवणारे व्यायाम सुचवले. पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहणे हा त्यातलाच एक.

१९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी बिने गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी बुद्धीचे गुणोत्तर मांडले. अमेरिकेत गोडार्ड आणि टर्मन यांनी बुद्धी आनुवंशिक मानून याच पट्टीने माणसांची प्रतवारी केली. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या अनेकांची तेथे सक्तीने नसबंदी झाली आणि तसे ठरवताना या चाचण्याही वापरल्या गेल्या.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ही चाचणी बेतली; ती १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. आजही तिचा अहवाल हाती आला, की पालकांचे लक्ष आधी आकड्याकडे जाते. बिने यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते त्यानंतरचे काम : या मुलाला आता काय आणि कसे शिकवायचे?