आनंदीबाईंची पत्रं

कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून, वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. पत्नी, सून, विद्यार्थिनी आणि मूल गमावलेली आई, इतक्या भूमिका या मुलीच्या वाट्याला कोवळ्या वयातच आल्या.

त्यांच्याकडे पाहण्याची संधी तिला पत्रांनी दिली. आनंदीबाईंच्या शिक्षणाबद्दल गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे नंबराची वाट पाहताना वाचलं आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. परक्या देशातल्या बाईला घरातल्या चालीरीती, बालविवाह, बायकांचे आजार समजावून सांगायचे, तर आधी स्वतःला नीट पाहावं लागतं. रोजचं म्हणून जे नजरेआड होतं, ते कागदावर दिसू लागलं. सततची डोकेदुखी आणि तापही पत्रांत आले. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली.

डॉक्टर होण्याचा निश्चय याच काळात पक्का झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) इथल्या सभेत, आपण परदेशी का जातो आहोत, याचं उत्तर त्यांनी मुद्देसूद दिलं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षीचं दुःख आता अभ्यासाचा विषय झालं होतं.

मात्र क्षयानं शरीर पोखरलं होतं. कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. कोल्हापूरच्या रुग्णालयातलं पद वाट पाहत राहिलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचं निधन झालं. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

लिहिण्यानं क्षय बरा होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणीच हवी. पण मनावरच्या ओझ्याबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं, असं जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात दिसलं.

कल्याण-डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणारी बाई दिवसभरात आई, सून, कर्मचारी, शेजारीण होते. रात्री वहीत चार ओळी पुरेत: आज कोणती भूमिका निभावली, कोणती जड गेली, कोणती आपण निवडली आणि कोणती अंगावर पडली. आपल्या घरातलं काहीच ठाऊक नसलेल्या मावशीला सांगावं, तसं लिहावं. लिहितानाही मन सतत खचत असेल, तर वही मिटून डॉक्टरांना भेटावं.